बावीस मिनिटें मागें



छायाचित्रें काढण्याचा छंद मला विद्यार्थिदशेपासून आहे. परंतु घड्याळाचें छायाचित्र काढणें हें किती अवघड काम आहे, हें मला गेल्या वर्षीं अकोल्यास कळलें. तेथील आमचें वडिलोपार्जित घर विकावयाचें ठरलें होतें. घरांत एकटी आत्या. तिनें नव्वदी गांठलेली. भांडींकुंडीं व पुस्तकें यांची वांटणी विनातक्रार झाली. राहिलें तें ओसरीवरील लंबकाचें अमेरिकन घड्याळ. त्यावर तीन घरांनीं हक्क सांगितला. अखेर मीं सुचविलें कीं, घड्याळ कोणा एकाकडे जावो, त्याचें सुरेख छायाचित्र मात्र सर्वांना मिळेल. मी अमरावतीहून कॅमेरा घेऊन गेलों तो यासाठीं.

घड्याळासमोर उभें राहावें तर कांचेंत आपलेंच तोंड दिसतें. म्हणून किंचित् बाजूस सरावें लागतें. त्याहून मोठी अडचण लंबकाची. वीतभर लांबीचा लंबक सुमारें अर्ध्या सेकंदांत इकडून तिकडे जातो. कॅमेऱ्याची झडप क्षणार्धांत मिटली, तर लंबक जागच्या जागीं थिजतो, आणि चालतें घड्याळ बंद पडल्यासारखें दिसतें. अर्धा सेकंद उघडी ठेवली, तर तो मध्यें धुरकट व दोन्ही टोकांशीं ठळक उमटतो. कारण टोकांशीं तो थबकतो. जाहिरातवाले लोक या भानगडींत पडत नाहींत. ते कांटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणतात, कारखानदाराचें नांव मोकळें राहतें, आणि काम झालें!

कांट्यांकडे पाहतांना माझ्या लक्षांत आलें कीं, खिशांतील मोबाइलपेक्षां हें घड्याळ बावीस मिनिटें मागें आहे. जुनें यंत्र, मागें पडावयाचेंच, असें समजून मीं मोठा कांटा पुढें फिरविला. वाटेंत अकराचे ठोके पडले. स्वयंपाकघरांतून आत्या भिंतीला धरून बाहेर आली.

"अरे, आत्तांच तर साडेदहाचा ठोका झाला. अकरा कुठून वाजले?"

मीं अभिमानानें सांगितलें कीं, घड्याळ दुरुस्त केलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें घड्याळाचें दार उघडावयास लावलें. आंतल्या बाजूस, तेलपाणी केल्याच्या तारखांखालीं, पणजोबांच्या अक्षरांत पेन्सिलीनें लिहिलेलें होतें : "२२ कमी ठेवणें."

याचा उलगडा भूगोलांत आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. अकोला सत्त्याहत्तराव्या रेखांशाशीं. प्रत्येक अंशास चार मिनिटें धरलीं, म्हणजे तेथील सूर्य बावीस मिनिटें मागें राहतो. अर्थात् तो वर्षभर एकाच शिस्तीनें माथ्यावर येत नाहीं. हा हिशेब सरासरीचा. १९०६ सालच्या आरंभीं ही वेळ देशभर लागू झाली, ती सर्वांना रुचली नाहीं. मुंबई शहरानें तर आपली एकोणचाळीस मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. आमचे पणजोबा वकील होते. कचेरीसाठीं खिशांत सरकारी वेळ बाळगीत, पण ओसरीवर मात्र गांवच्या सूर्याची ठेवीत. पुढें महायुद्धांत, १९४२ ते १९४५, घड्याळें तासभर आणखी पुढें ढकललीं गेलीं, तेव्हांहि या घड्याळास कोणीं हात लावला नाहीं. आजोबांनीं तीच रीत चालविली, मग आत्यानें. आम्हां धाकट्यांना वाटे, घड्याळ बिघडलें आहे.

आतां चूक निस्तरावयाची कशी? ठोक्यांच्या घड्याळाचे कांटे उलट फिरविणें बरें नव्हे. ठोके चुकण्याचा संभव असतो. उपाय एकच. लंबक थांबवून बावीस मिनिटें वाट पाहणें. मीं लंबकाला बोट लावलें.

"बैस आतां घटकाभर," आत्या म्हणाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटें. लग्नांत पाण्यावर सोडलेलें तांब्याचें सच्छिद्र घटिकापात्र बुडावयास लागतो तेवढा वेळ. दोन मिनिटें कमी, परंतु तिचा शब्द अगदींच सैल नव्हता. तिच्या जन्मापासून त्या ओसरीवरचा लंबकाचा आवाज असा कधीं मुद्दाम थांबविला गेला नसावा. ती लंबकाकडे पाहत बसली, मी तिच्याकडे. त्या अवधींत मीं एक छायाचित्र घेतलें. वेळ भरल्यावर तिनेंच लंबकाला झोका दिला; मग अर्धा सेकंद झडप उघडी ठेवून मीं दुसरें घेतलें.

दोन्हीं चित्रें तिन्ही घरीं दाखविलीं. सर्वांनीं पहिलेंच पसंत केलें. त्यांत लंबक स्वच्छ दिसतो. तें घड्याळ त्या वेळीं थांबलेलें होतें, हें मीं एकाच घरीं सांगितलें.

घड्याळ आत्यानें माझ्या स्वाधीन केलें. निघतांना ती म्हणाली, "तुझ्या अमरावतीला सूर्य तीन मिनिटें आधीं पोंचतो. तुझें तूं बघ." हिशेब बरोबर आहे; पणजोबांच्या नियमानें येथें एकोणीस मिनिटेंच कमी ठेवावयास हवीं. मीं दाराच्या आंत पेन्सिलीनें तसें लिहून ठेवलें आहे. कांटे मात्र अजून अकोल्याच्याच वेळेवर आहेत.