थंडीतील मोटारसायकल-प्रवास : तयारीची बाजू



वैशाखातल्या या संध्याकाळी निम्मे श्रोते कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत आहेत आणि मी थंडीविषयी बोलावयास उभा राहिलो आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी नेहमीप्रमाणे किमान वेतनावर बोलेन. विषय ऐकून ते क्षणभर गप्पच बसले. परंतु आपल्यापैकी काही तरुण येत्या जूनमध्ये मनाली-लेहच्या रस्त्याला लागणार आहेत, हे मला ठाऊक आहे. जूनमध्येही बारालाचा खिंडीत रस्त्याच्या कडेला बर्फ साचलेले असते. तेव्हा थंडीच्या तयारीचा महिना हाच. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण केवळ पाण्यापुरती नाही.

मी पंडित नाही. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे जे शिकलो ते लेथवर, सार्वजनिक वाचनालयात आणि मोटारसायकलवर. कामगार संघटनेच्या कामासाठी गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे मी ही गाडी दामटतो आहे. त्यातला पहिला धडा हाड मोडून मिळाला, तो आधी सांगतो.

१९९८ च्या जानेवारीत निफाडच्या पुढे एका कारखान्याच्या दारावर पहिल्या पाळीच्या कामगारांची सभा होती. निफाडची थंडी नाशिककरांना सांगावयास नको. पहाटे पावणेपाचला मी निघालो. अंगात सुती सदरा, वर स्वेटर, गळ्यात मफलर, हात उघडे. तरुणपणी हातमोजे घालणे म्हणजे नाजूकपणा वाटे. अर्ध्या तासाने बोटे दुखू लागली, मग दुखायची थांबली. मला वाटले, सवय झाली. प्रत्यक्षात बोटे बधिर झाली होती. एका वळणावर समोर उसाची ट्रॉली आली, मागे दिवा नव्हता. ती मला दिसली. ब्रेक दाबला पाहिजे हेही कळले. पण बोटे वळली नाहीत. गाडी शेतात गेली आणि माझ्या खांद्याचे हाड मोडले. दारावर कामगार वाट पाहून आत गेले. सभा झाली नाही. त्या सभेत जे ठरावयाचे होते ते पुढे दोन महिने लांबले. हातमोज्यांची एक जोडी नव्हती म्हणून दीडशे माणसांचे काम अडले!

दवाखान्यात पडल्या पडल्या मी विचार करू लागलो, की हवेत आठ-नऊ अंशांची थंडी असताना माझी बोटे बर्फात घातल्यासारखी का झाली? उत्तर पुढे वाचनालयात सापडले. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४० च्या सुमारास अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेले नळकांडे वाऱ्यात टांगून ते किती वेळात गोठते याची मोजदाद केली. वारा जितका जोराचा, तितकी ऊब लवकर पळते. २००१ साली अमेरिका व कॅनडा यांनी हे गणित सुधारून घेतले. त्या हिशेबाने हवा १० अंशांवर असेल आणि वारा ताशी ६० किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी लागते; हवा ५ अंशांवर असेल तर उणे २ सारखी; आणि शून्यावर असेल तर उणे ९ सारखी. पायी चालणाऱ्यावर वारा येतो. मोटारसायकलवाला तो स्वतः तयार करतो. म्हणजे गाडी सावकाश चालविणे हे सुद्धा एक पांघरूणच होय, आणि ते फुकट मिळते.

हे एकदा मनात ठसले म्हणजे कपड्यांचा प्रश्न सोपा होतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन थर घ्यावेत. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा घाम न धरणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा. सुती बनियन घाम पिऊन बसते आणि ओले कापड ऊब चोरते. मधला थर स्वेटरसारखा, हवा कोंडून धरणारा. सर्वांत वरचा थर मात्र वारा आणि पाणी अडविणारा हवा. पैसे नसतील तर आपले जुने स्कूटरवाले छातीवर वर्तमानपत्राची घडी घालीत, ते काही वेडे नव्हते. कागद वारा अडवितो. कालचे अग्रलेख एवढे उपयोगी पडलेले मी अन्यत्र पाहिलेले नाहीत.

हातमोजे आणि बूट घेताना लोक एक चूक करतात: घट्ट घेतात. घट्ट मोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि रक्त हीच शरीराची शेगडी. बोटे आत हलली पाहिजेत. पावसा-बर्फाची भीती असेल तर लोकरी मोज्यांवर रबरी मोजे चढवावेत. सुक्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काही झाले तरी तो मुक्कामापूर्वी सोडू नये. हँडलचे गरम होणारे मुठे आता मिळतात. चांगले आहेत, परंतु त्यांचा भार बॅटरीवर पडतो हे ध्यानात ठेवावे.

आता गाडीकडे वळू. वारा गाडीला हवेपेक्षा थंड करीत नाही, तिला जी थंडी लागते ती उभ्या रात्रीची. थंडीत बॅटरीचा जोर घटतो. म्हणून जुनी बॅटरी घेऊन वर जाऊ नये आणि बटण दाबून धरू नये. चार-पाच सेकंद दाबावे, थोडे थांबावे, मग पुन्हा दाबावे. ऑइलच्या डब्यावर २० डब्ल्यू ५० असा आकडा असतो. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत सहज वाहते. आपल्या गाडीला कोणते चालते ते गाडीच्या पुस्तकात पाहावे, मित्राच्या तोंडून ऐकू नये. हवा पाच-सहा अंशांनी थंड झाली की चाकातला दाब सुमारे एक पौंडाने उतरतो. उलट उंचावर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे तो मापकावर वाढलेला दिसतो. म्हणून अंदाजावर न जाता मापक खिशात ठेवावे आणि सकाळी चाक थंड असताना पाहावे. क्लचची नवी केबल सोबत असावीच. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला करावयास लावतो: घरी, अंगणात, हातमोजे घालून प्लग काढून पुन्हा बसवावा. जे काम अंगणात जमत नाही ते पंधरा हजार फुटांवर जमणार नाही. डिसेंबरात पहाटे सापुताऱ्यापर्यंत एक फेरी मारावी. काय विसरले ते रस्ताच सांगतो.

परंतु मित्रहो, कपडे आणि गाडी ही तयारीची सोपी बाजू झाली. अवघड बाजू निराळी आहे. थंडी आधी बोटे घेते, आणि मग बुद्धी घेते. माणूस कुडकुडतो, हात चुकू लागतो, जीभ जड होते, पाऊल अडखळते आणि तो विनाकारण चिडू लागतो. ऊब न मिळता कुडकुडणे थांबले तर समजावे की प्रकृती सुधारलेली नाही, ती हाताबाहेर चालली आहे. आणि हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही! दारूने ऊब येते हा तर निव्वळ भ्रम. तिने कातडीकडचे रक्त वाढते, गरम वाटते, आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. म्हणून परत फिरण्याचा निर्णय थंड डोक्याने नव्हे, उबदार डोक्याने, घरी बसून आधीच घ्यावा लागतो.

२०१९ च्या सप्टेंबरअखेर आम्ही संघटनेचे पाच जण मनालीहून लेहला निघालो. आदल्याच वर्षी, २०१८ च्या सप्टेंबरात, लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो माणसे अडकली होती आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना जावे लागले होते. म्हणून नाशिकमध्येच आम्ही एक ठराव केला होता: पाचांपैकी एकानेही ‘परत’ म्हटले की पाचही परत, त्यावर चर्चा नाही. ठरावाला सूचक होता, अनुमोदक होता, रीतसर मंजुरी होती. तेव्हा आम्ही हसलो होतो.

तांदीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वाचून आम्ही टाक्या भरल्या. रात्री जिस्पाला राहिलो. दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर निघालो, कारण सकाळी सावलीतल्या वळणांवर पाणी गोठून काचेसारखे झालेले असते. फार उशीर करूनही चालत नाही. ऊन तापले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी चढते. एका नाल्यात आमच्यातल्या टर्नरचे बूट भिजले. झिंगझिंगबारच्या पुढे बर्फ पडू लागले. थोड्या वेळाने तो मागे पडू लागला. मी थांबून विचारले तर खेकसला, “अण्णा, मला काही झालेलं नाही, तुम्ही व्हा पुढं!” वीस वर्षांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. हेल्मेटची काच वर केली तर ओठ निळसर पडलेले. मी म्हणालो, “परत.” बारालाचाची खिंड, ४,८९० मीटरची, समोर होती. एकाही माणसाने चर्चा केली नाही.

परतताना रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांचा तंबू लागला. त्यांनी आम्हांला आत घेतले, टर्नरचे ओले बूट काढले, त्याला कोरड्या घोंगडीत गुंडाळले आणि काळा गोड चहा दिला. ते झारखंडातल्या दुमक्याकडचे होते. तासाभराने टर्नर माणसात आला आणि त्याने माझी क्षमा मागितली. तेव्हा माझे लक्ष चहा देणाऱ्या हातांकडे गेले. बोटांना भेगा पडल्या होत्या. कोपऱ्यात त्यांचे हातमोजे वाळत होते: सुती, आणि बोटांवर फाटलेले. आमचे मोजे कसे असावेत यावर आम्ही तीन महिने चर्चा केली होती. आणि ज्या रस्त्यावर आम्ही हौसेने आलो होतो, तो करणाऱ्याच्या मोज्यांची चर्चा कोणी केली होती? निघताना आम्ही जास्तीचे मोजे तिथे ठेवले. पण मी संघटनेचा माणूस आहे. पाच जोड्यांनी प्रश्न सुटला असे मी स्वतःला समजावू शकलो नाही.

दोन दिवसांनी आकाश निवळले. आम्ही पाचही जण खिंड ओलांडून लेहला पोहोचलो. परत फिरल्याने आमचे काहीही बुडाले नाही.

संपाविषयी आम्ही नेहमी म्हणतो, की तो कारखान्याच्या दारावर जिंकला जात नाही, त्याआधीच्या बैठकांत जिंकला जातो. थंडीचेही तसेच आहे. तरुण मित्रांनो, अवश्य जा. पण यादी आजच करा, परतीचा ठराव निघण्यापूर्वी करा, आणि सर्वांत मागे पडणाऱ्यावर लक्ष ठेवून चाला. आणि एक विनंती. येत्या डिसेंबरात रात्री दहा वाजता जो मुलगा तुमच्या दारात गरम जेवण घेऊन मोटारसायकलवरून येईल, त्याच्या हातांकडे एकदा पाहा. तो हौसेने निघालेला नसतो. त्याच्या मोज्यांची तयारी त्याला कामाला लावणाऱ्याने करावयाची आहे, आणि ती व्हावी म्हणून आवाज आपण सर्वांनी उठवावयाचा आहे.