सोन्याच्या पत्र्यांची पोथी आणि रक्तांतली साक्ष

(व्याख्यान)



आजचा विषय ऐकून तुमच्यांपैकीं कांहींजण मनांत म्हणत असतील कीं, अमेरिकेंतल्या एका पंथाच्या पोथीशीं आम्हां नांगरधाऱ्यांना आणि कारागिरांना काय करायचें आहे? पोथी तिकडची, भांडणही तिकडचें. परंतु एका माणसानें काढलेल्या पोथींत दुसऱ्याच लोकांचे आजे-पणजे कोण होते आणि त्यांची कातडी काळी कां झाली हें ठरवून टाकलें, व तेंच त्या लोकांच्या लेंकरांना शिकविलें, तर पुढें काय होतें, याची ही हकीकत आहे. म्हणून तुमचा थोडा वेळ मागून घेतों.

न्यूयॉर्क प्रांतांत पामायरा नांवाचें गांव आहे. तेथें जोसेफ स्मिथ नांवाचा एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा राहत असे. त्याचा जन्म १८०५ सालचा. तो सांगूं लागला कीं, १८२३ सालीं मोरोनी नांवाच्या देवदूतानें आपणांस दर्शन दिलें आणि जवळच्या टेकडींत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखविली. पत्र्यांवरची लिपी देवाच्या कृपेनें आपणांस उलगडली. तो सांगे आणि दुसरे लिहून घेत. अशी तयार झालेली पोथी १८३० सालीं पामायरा येथेंच छापून निघाली. तिचें नांव 'बुक ऑफ मॉर्मन'. प्रती पांच हजार काढल्या. छपाईचे तीन हजार डॉलर उभे करण्यासाठीं मार्टिन हॅरिस नांवाच्या शेतकऱ्यानें जमीन गहाण टाकली. पोथी खपेना, तेव्हां ती विकावी लागली. (पोथी कोणत्याही मुलखाची असो, तिच्यापायीं जायचें तें शेतकऱ्याचेंच शेत!) पत्रे पाहिल्याची अकरा जणांची साक्ष पोथींत छापली आहे, पत्रे मात्र देवदूत परत घेऊन गेला असें स्मिथचें म्हणणें. १८४४ सालीं जमावानें स्मिथला तुरुंगांत गोळ्या घालून मारलें. त्याचे अनुयायी १८४७ सालीं युटाच्या माळरानावर जाऊन वसले. आज पंथाच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणें जगभर त्यांची संख्या एक कोटी सत्तर लाखांवर आहे.

पोथींतली गोष्ट अशी. येशूच्या जन्मापूर्वीं सुमारें सहाशें वर्षें लेही नांवाचा एक भक्त जेरुसलेम सोडून निघाला, आणि जहाज बांधून कुटुंबासह अमेरिकेस पोंचला. त्याच्या मुलांत फूट पडली. नेफी देवाच्या आज्ञेंत राहिला, लामान बंडखोर निघाला. नेफीचे वंशज गोरे आणि उद्योगी. लामानच्या वंशजांस देवानें काळ्या कातडीचा शाप दिला. दोन्ही कुळें शेंकडों वर्षें झगडलीं आणि इसवी सन ४०० च्या सुमारास नेफीचें कूळ साफ बुडालें. मागें राहिले ते लामानाइट. आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी, ज्यांना गोऱ्यांनीं चुकून 'इंडियन' हें नांव दिलें, ते या लामानाइटांचे वंशज, असें पंथानें शिकविलें.

आतां ही पोथी कोणत्या काळांत निघाली तें पाहा. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत मातीचीं प्रचंड टेंकाडें आहेत. तीं माणसांनीं रचलेलीं आहेत. गोरे वसाहतवाले म्हणत कीं, एवढें काम या रानटी इंडियनांच्या हातून होणें नाहीं. पूर्वीं कोणी थोर जात येथें नांदत असावी आणि यांनीं तिचा नाश केला असावा. ज्या सालीं पोथी छापली, त्याच १८३० सालच्या मे महिन्यांत मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हुसकण्याचा कायदा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्ष जॅक्सन यांनीं आपल्या संदेशांत त्या नाहींशा झालेल्या थोर जातीचा दाखला देऊन या हकालपट्टीचें समर्थन केलें. १८३८-३९ सालीं चेरोकी लोकांना घरांदारांतून काढून पश्चिमेकडे चालविलें, त्यांत सुमारें चार हजार माणसें मेलीं असें मानतात. तीं टेंकाडें मूळ रहिवाशांच्याच पूर्वजांनीं रचलीं, हें सायरस थॉमस नांवाच्या संशोधकानें १८९४ सालीं सिद्ध केलें. पण तोंवर जमिनी गेल्या होत्या. ज्याची जमीन घ्यायची, तो मुळांत तिचा धनी नव्हताच असें आधीं ठरवावें लागतें.

स्मिथनें हुसकण्यासाठीं पोथी काढली असें आम्ही म्हणत नाहीं. पोथींत लामानाइटांना मोठें भविष्यही सांगितलें आहे, आणि दक्षिण अमेरिकेंत कित्येक मूळ रहिवाशांनीं तें अभिमानानें स्वीकारलें आहे. पण त्या भविष्याची किंमत काय पडली? १९४७ पासून मॉर्मन घरांत मूळ रहिवाशांचीं मुलें शाळेसाठीं ठेवण्याची रीत सुरू झाली. १९५४ सालीं ती पंथाची रीतसर योजना झाली. बहुतेक मुलें नाव्हाहो लोकांचीं. हिंवाळाभर गोऱ्यांच्या घरीं राहावें, उन्हाळ्यांत आईबापांकडे जावें. योजना इ. स. २००० च्या सुमारास संपली. तोंपर्यंत चाळीस-पन्नास हजार मुलें तिच्यांतून गेलीं. कांहींचें शिक्षण झालें, त्यांना त्याचा लाभही झाला. परंतु १९६० सालीं स्पेन्सर किंबॉल हे पंथाचे वडीलधारी भर परिषदेंत सांगते झाले कीं, या मुलांची कातडी त्यांच्या घरच्या भावंडांपेक्षां उजळूं लागली आहे! हेच किंबॉल पुढें पंथाचे अध्यक्ष झाले. ज्या लेंकराला आपल्या आईचा रंग हा शाप आहे असें शिकविलें, तें सुटींत घरीं जाऊन आईच्या तोंडाकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहत असेल, याचा विचार आम्हांला झोप येऊं देत नाहीं.

आतां रक्ताच्या साक्षीकडे वळूं. दक्षिण भागांत हेळवी येतो आणि चोपडी उघडून घराण्याचे पुरुष मोजून दाखवितो, हें तुमच्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. प्रत्येक माणसाच्या शरीराच्या कणाकणांत अशीच एक चोपडी आहे. शास्त्रज्ञ तिला डीएनए म्हणतात. आईबाप तिची नक्कल करून मुलाला देतात. नक्कल करतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें आणि तीच चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. ज्या दोन चोपड्यांत एकसारख्याच चुका सांपडतील, त्या एकाच मूळ चोपडीवरून उतरल्या, हें उघड आहे. किती चुका वेगळ्या पडल्या यावरून दोन घराणीं केव्हां विभक्त झालीं याचाही अदमास निघतो. या चोपडीचें एक लहानसें प्रकरण केवळ आईकडून येतें आणि लेंकीच तें पुढें चालवितात.

१९८० नंतर मूळ रहिवाशांचीं हीं आईकडचीं प्रकरणें तपासलीं गेलीं, तेव्हां मुख्यतः पांच कुळें निघालीं. त्यांपैकीं चार कुळांचे भाऊबंद सैबेरियांत व पूर्व आशियांत आहेत. पांचवें कूळ लहान आहे. त्याच्या दूरच्या शाखा पश्चिम आशियांतही असल्यामुळें पोथीच्या कैवाऱ्यांना आशा वाटली, परंतु अमेरिकेंतली शाखा त्यांच्यापासून लेहीच्या काळाच्या कित्येक हजार वर्षें आधींच वेगळी झालेली आहे. मोंटाना प्रांतांत पुरलेल्या, सुमारें १२,६०० वर्षांपूर्वींच्या एका तान्ह्या मुलाचा डीएनए २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. तो मुलगाही आजच्या मूळ रहिवाशांच्याच नात्याचा निघाला. हे लोक आशियाच्या ईशान्य टोंकाकडून निदान पंधरा हजार वर्षांपूर्वीं अमेरिकेंत उतरले. कोलंबसापूर्वींच्या अमेरिकेंत जेरुसलेमकडच्या रक्ताची खूण अद्याप सांपडलेली नाहीं.

हें उघडपणें बोलणारे पंथांतलेच होते. टॉमस मर्फी या मानववंशशास्त्र्यानें २००२ सालीं निबंध लिहिला, तेव्हां पंथानें त्याच्यावर चौकशी बसविली. बोभाटा झाल्यावर ती थांबली. ऑस्ट्रेलियाचे सायमन सदर्टन हे वनस्पतींचे शास्त्रज्ञ पंथांत बिशप होते. त्यांनीं पंथाचें काम सोडलें आणि २००४ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. पंथानें काय केलें? १९८१ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेंत लामानाइट हे मूळ रहिवाशांचे मुख्य पूर्वज आहेत असें होतें; २००६ सालीं तो शब्द बदलून ते पूर्वजांपैकीं आहेत एवढेंच ठेवलें. २०१४ सालीं निवेदन काढलें कीं, लेहीचें कुटुंब लहान होतें, तें मोठ्या लोकसंख्येंत मिसळून गेलें असेल, त्याची खूण राहिली नसेल. म्हणून डीएनएवरून पोथी खरीही ठरत नाहीं आणि खोटीही ठरत नाहीं.

हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. तांब्याभर दूध नदींत ओतलें तर खालच्या घाटावर तें कोणास दिसणार? थोड्या माणसांचें रक्त असें लोपूं शकतें, हें शास्त्रही मानतें. पण पोथीच सांगते कीं, ही भूमि इतर राष्ट्रांपासून राखून ठेवलेली होती आणि लेहीचे वंशज वाढून देशभर पसरले. पोथींत घोडे आहेत, गहूं आहे, पोलाद आहे; आणि अमेरिकेंतला घोडा हजारों वर्षांपूर्वींच नामशेष झाला होता, तो स्पॅनिश लोकांबरोबर परत आला. गहूंही त्यांच्याच बरोबर आला. उलट, रानगवतापासून मका घडविण्याचें काम मेक्सिकोंतल्या मूळ रहिवाशांनीं नऊ हजार वर्षांपूर्वीं केलें. तो मका आपण आज खातों, पण त्याच्या निर्मात्यांना शापित म्हणणारी पोथीच जगभर वाटली गेली. दीडशें वर्षें 'सगळे' म्हणून शिकवायचें आणि पुरावा आला कीं 'कांहीं' म्हणायचें, याला आम्ही माघार म्हणतों. श्रद्धा ज्याची त्याला लखलाभ. परंतु ज्यांना लामानाइट म्हटलें, त्यांना हा शब्द बदलतांना तरी कोणी विचारलें होतें काय?

आतां शास्त्राच्या कैवाऱ्यांनींही फार फुशारकी मारूं नये. ग्रँड कॅनियनच्या तळाशीं हवासुपाई नांवाचे लोक राहतात. मधुमेहाचें कारण शोधतों असें सांगून १९९० पासून ॲरिझोनांतल्या विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्यांचें रक्त घेतलें. पुढें कळलें कीं, त्याच रक्तावर वेडाच्या रोगाचा आणि पूर्वज कोठून आले याचाही अभ्यास न विचारतां केला आहे. आपण या दरींतच जन्मलों अशी त्यांची श्रद्धा. ती योग्य कीं अयोग्य हा प्रश्न वेगळा, पण रक्त त्यांचें होतें. ते कोर्टांत गेले आणि २०१० सालीं सात लक्ष डॉलर व उरलेलें रक्त परत घेऊन आले. नाव्हाहो लोकांनीं २००२ सालींच आपल्या मुलखांत असल्या संशोधनास बंदी घातली होती.

आणखी एक हकीकत सांगून पुरें करतों. १९९६ सालीं वॉशिंग्टन प्रांतांत कोलंबिया नदीच्या कांठीं केनेविक येथें एक सांगाडा निघाला. तो सुमारें साडेआठ हजार वर्षांपूर्वींचा आहे. कवटीची ठेवण पाहून हा गोऱ्या वंशाकडचा असावा असें बोललें गेलें आणि वर्तमानपत्रांनीं तें उचलून धरलें. भोंवतालचे मूळ रहिवासी म्हणत होते कीं, हा आमचा पूर्वज आहे, याला मातींत परत जाऊं द्या. आठ शास्त्रज्ञ कोर्टांत गेले आणि २००४ सालीं जिंकले. हाडें पेटींतच राहिलीं. मग कोलव्हिल लोकांनीं आपण होऊन आपले नमुने दिले, आणि २०१५ सालीं निकाल आला कीं, म्हातारे म्हणत होते तेंच खरें. जगांतल्या इतर लोकांपेक्षां हा माणूस मूळ रहिवाशांनाच जवळचा, आणि तपासलेल्यांत कोलव्हिल लोक त्याच्या नात्यांतले. १८ फेब्रुवारी २०१७ रोजीं पांच जमातींचीं दोनशेंहून अधिक माणसें जमलीं, आणि बाहेरच्या कोणास जागा न सांगतां त्यांनीं त्याला पुरलें.