टॉर्चमधला ‘एच’

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या काहींनी माना खाली घातल्या, ते मला इथून दिसलं. हरकत नाही, कान तेवढे उघडे ठेवा.

आधी शब्दाचा घोळ. हर्पीसला मराठीत काय म्हणतात असं विचारलं की दहातले आठ जण ‘नागीण’ सांगतात. नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूची करामत. तो वर्षानुवर्षं अंगात दडून बसतो आणि उतारवयात कमरेला नाहीतर छातीला, एकाच बाजूनं फोड घेऊन उठतो. तिचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत औंढ्यापासून वसमतपर्यंत सगळीकडे आहे आणि ती साफ खोटी आहे. मी बोलतोय तो हर्पीस सिम्प्लेक्स. त्याचे प्रकार दोन. पहिला मुख्यतः ओठावरचा : ताप येऊन गेल्यावर कडेला पाण्याचे फोड येतात ना, तो. दुसरा मुख्यतः जननेंद्रियांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पन्नाशीच्या आतल्या शंभरातल्या ६४ जणांना पहिला प्रकार असतो, बहुतेकांना लहानपणीच लागलेला. दुसरा १५ ते ४९ वयातल्या शंभरात १३ जणांना. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताही नसतो.

आता रिपोर्टाकडे. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडलेली एक बाई, सोबत नवरा, मागे सासू. हातात खाजगी लॅबचा टॉर्चचा कागद. ‘टॉर्च’ हे नाव १९७१ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आंद्रे नाहमियास यांनी रूढ केलं. बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची आद्याक्षरं जोडून, आणि शेवटचा ‘एच’ हर्पीसचा. कागदावर त्या ‘एच’पुढे आयजीएम पॉझिटिव्ह. सासू म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हे कुठून आणलं हिनं, तेवढं सांगा.” बाई जमिनीकडे बघत होती. गर्भ गेल्याचं दुःख बाजूलाच राहिलं होतं.

त्या कागदात सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आयजीएम म्हणजे ‘ताजा संसर्ग’ असं पुस्तकी गणित इतर काही आजारांत चालतं, इथे नाही. जुना हर्पीस पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही आयजीएम येतं, ओठाच्या प्रकारामुळेही येतं, आणि काहीच नसताना चुकूनही येतं. म्हणून जाणकार संस्था हर्पीससाठी आयजीएम करूच नका म्हणतात. वारंवार गर्भपात झाल्यावर टॉर्च करण्याची पद्धत सोडून द्यावी, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं स्पष्ट लिहून ठेवलंय. आपल्याकडे मात्र मजूर बाईची कित्येक दिवसांची मजुरी त्यात जाते.

दुसरी तपासणी आयजीजी. तिचं ऐकायचं, पण जपून. लागण झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती दिसू लागते, पुरती भरवशाची व्हायला बारा ते सोळा आठवडे लागतात. आणि ती ‘आहे’ एवढंच सांगते, ‘केव्हापासून’ ते नाही. कोठीतली हळद बघून घरात हळद आहे एवढं कळतं, कोणत्या साली काढलेली ते कळत नाही. त्यातही दोन प्रकार वेगळे ओळखणारी तपासणी हवी. दुसऱ्या प्रकाराचा आकडा पट्टीच्या किंचित वर, तीनच्या आत असेल, तर तो वेगळ्या पद्धतीनं पडताळल्याशिवाय मानू नये. अमेरिकेच्या तज्ज्ञगटानं २०१६ मध्ये हिशेब मांडला : लक्षणं नसलेल्या सगळ्यांची सरसकट तपासणी केली, तर जवळजवळ दर दोन पॉझिटिव्हांत एक खोटा निघू शकतो. म्हणून गरोदर बायकांचीही ती करू नये, असा त्यांचा सल्ला. २०२३ मध्ये तोच पुन्हा दिला.

आता जरा उलटं वाटेल असं सांगतो. ज्या आईला हर्पीस जुना आहे, तिचं रक्त बाळाला नाळेतून प्रतिपिंडं देत असतं. अशा बाळाला बाळंतपणात लागण होण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी. धोका आहे तो आठव्या-नवव्या महिन्यात पहिल्यांदाच लागण झाली तर, तेव्हा तो शंभरात ३० ते ५० वर जातो, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळत नाही. आणि नेमक्या त्या बाईचा आयजीजी निगेटिव्ह येतो! ज्या कागदानं घर हादरतं तो बाळाच्या दृष्टीनं बऱ्याचदा जुनी बातमी असते, आणि ज्या कागदावर घर निश्चिंत झोपतं तिथे जागं राहायला हवं असतं.

तेव्हा फोड आले तर रक्ताच्या मागे लागू नका. ताज्या फोडाचा स्वॅब घेऊन पीसीआर करतात, उत्तर तिथं असतं. लाजून चार दिवस काढले तर फोड सुकतो आणि उत्तर हातचं जातं. ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांना छत्तिसाव्या आठवड्यापासून असायक्लोविर देतात. कळा सुरू होताना फोड असतील, किंवा ते येण्याआधीची जळजळ असेल, तर सिझेरियन. रक्ततपासणीचा खरा उपयोग एका जागी : नवऱ्याला हा आजार आहे हे माहीत आहे, बायकोला कधी काही झालेलं नाही. तिचं रक्त निगेटिव्ह आलं, तर शेवटचे तीन महिने दोघांनी संबंध टाळायचे. पहिलटकरणीला सातव्यात माहेरी नेणाऱ्या आज्यांना विषाणू ठाऊक नव्हता, पण रीत कामाची ठरली.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, त्या यादीत हर्पीस का नाही, असं मला एका आशाताईंनी विचारलं. यादीत एचआयव्ही, सिफिलिस, हिमोग्लोबिन आहे. तिथे रिपोर्ट आला की लगेच करण्यासारखं काही असतं, आणि त्यानं बाळ वाचतं. त्या सुया कुणी चुकवू नका.

त्या बाईचं पुढे काय झालं, विचाराल. वर्षाभरानं तिला मुलगी झाली, धडधाकट. बारशाला मला बोलावणं होतं. गेलो तर पाळण्यावर वाकून एक मामेसासरे बाळाचे पापे घेत होते, आणि त्यांच्या ओठाच्या कडेला ताजे, पाण्यानं भरलेले फोड. तान्ह्या बाळाला हर्पीस असाही लागतो. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओसरीवर आणलं आणि चहा मागवला.