घसा धरला, म्हणजे काय?

पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, गोंडी, कोलामी यांच्या जोडीने मराठीही कानी पडते. तेथील मराठी रोगी डॉक्टरांस सांगतो, "घसा धरला आहे." बोलण्यास एवढे पुरते, रुग्णपत्रिकेस मात्र ते पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९४ पासून सदस्य देशांत वापरात आली. तीत घशाच्या तीव्र दाहास जे ०२, टॉन्सिलच्या दाहास जे ०३ आणि आवाज बसविणाऱ्या स्वरयंत्रदाहास जे ०४.० असे संकेतांक आहेत. घटसर्प मात्र निराळ्याच गटात, ए ३६ या संकेतांकाखाली येतो.

संकेतांक घालणारा लेखनिक रोग्याचा घसा पाहत नाही. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच वाचतो. घशातील करड्या पापुद्र्याचा उल्लेख राहून गेला, तर घटसर्पही साध्या घसादुखीत गणला जातो. मग घरातील व शेजारच्या मुलांना लस मिळाली आहे काय, याची चौकशी होत नाही. आणि रोग पसरत राहतो.

दुखते कोठे, किती दिवसांपासून, ताप आहे काय, श्वास अडतो काय, घशात काय दिसले, हे पत्रिकेत स्पष्ट लिहिले जावे. रोग्यानेही "घसा धरला" एवढ्यावर न थांबता ते सांगावे.