मोडस व्हिव्हेंडी : मतभेदांसह एकत्र जगण्याची रीत
(व्याख्यानाचा सारांश)



‘मोडस व्हिव्हेंडी’ हे दोन शब्द लॅटिन भाषेतील आहेत. त्यांचा सरळ अर्थ ‘जगण्याची रीत’. मूळ प्रश्नावर ज्यांचे एकमत नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत, अशा दोन पक्षांनी शांततेने राहण्यासाठी केलेली व्यवस्था, या अर्थाने राजनीतीत तो शब्द रूढ झाला. हे हृदयपरिवर्तन नव्हे. कोणी आपले मत सोडायचे नाही, फक्त दुसऱ्याच्या जगण्याच्या आड यायचे नाही, एवढीच अट.

मग अशी व्यवस्था टिकते कशावर? इतिहासच याचे उत्तर देतो.

सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मात फूट पडली व युरोपात रक्तपात सुरू झाला. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने १५९८ साली नान्तचा जाहीरनामा काढून अल्पसंख्य प्रोटेस्टंटांना उपासनेचे व नागरिकत्वाचे हक्क दिले. परंतु ते राजाने दिलेले होते. त्याचाच नातू चौदावा लुई याने १६८५ साली ते काढून घेतले आणि लाखो लोकांना देश सोडून परागंदा व्हावे लागले. जे कृपेने मिळते, ते मर्जी फिरताच जाते.

आता जर्मनीतील औग्सबुर्ग शहर पाहा. १५५५ सालचा प्रसिद्ध धार्मिक तह याच शहरात झाला. पण तहात कॅथलिक व लूथरपंथी या दोघांनाच स्थान होते, कॅल्व्हिनपंथी बाहेरच राहिले. खुद्द शहरात प्रोटेस्टंट बहुसंख्य असूनही नगरपरिषद कॅथलिकांच्या हाती होती. ८ ऑगस्ट १६२९ रोजी तेथे प्रोटेस्टंटांच्या उपासनेवर बंदी आली. कागदावर तह होता, पण अंमलबजावणी एकाच पक्षाकडे होती!

तीस वर्षांच्या युद्धानंतर १६४८ साली वेस्टफालियाचा तह झाला. त्यात कॅल्व्हिनपंथीयांना मान्यता मिळाली. औग्सबुर्गसह चार शहरांत नगरपरिषदेतील जागा व अधिकारपदे दोन्ही पंथांत समान वाटण्यात आली. लोकसंख्या कोणाची किती, हा प्रश्नच उरला नाही. त्या चारांपैकी बिबेराख या गावी तर एकच चर्च दोन्ही पंथ वापरतात, प्रत्येकाच्या वेळा ठरलेल्या आहेत. १५४८ पासून ही वहिवाट चालत आली आहे. या काळात कोणी कोणाचा पंथ स्वीकारला नाही, पण दरवाजा मात्र दोघांनाही उघडा राहिला. औग्सबुर्गमध्ये ८ ऑगस्ट हा बंदीचाच दिवस १६५० पासून शांततेचा उत्सव म्हणून साजरा होऊ लागला आणि आज तेथे त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते.

मित्रहो, यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. करारात प्रत्येक पक्षाचे नाव हवे. तो मोडण्याचा अधिकार एकाच्या हाती नसावा. आणि तो राबविणाऱ्यांत दोघांनाही बरोबरीचे आसन हवे. ‘सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे’ असे बलवानाने म्हणणे सोपे असते. दुर्बलाने त्यावर विचारावे : व्यवस्थापनात माझी जागा कोणती?

आपल्याही वस्त्यांत एका सभागृहावरून दोन गट वर्षानुवर्षे भांडतात. एकी होईपर्यंत कुलूप लावून ठेवण्यापेक्षा वेळापत्रक लिहा, किल्ल्या दोन करा. एकी व्हायची तेव्हा होईल, तोवर मुलांची अभ्यासिका बंद पडता कामा नये.