माजी सैनिकांची आरोग्यसेवा : मूल्यमापनाचे निकष

(वाराणसी येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वाराणसी म्हटले की घाट, विद्यापीठ आणि विणकाम डोळ्यांपुढे येते. याच शहराच्या छावणी भागात ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्रही आहे. तेथे तयार झालेले अनेक जवान निवृत्तीनंतर नेपाळमधील डोंगराळ गावी परततात. शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातील गहमर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले पाठवीत आले आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडला गेला आहे. सैनिकाचे उतारवय अशा गावांत जाते. म्हणून त्याच्या आरोग्यसेवेचे मूल्यमापन रुग्णालयाच्या दारापासून नव्हे, तर त्याच्या घरापासून सुरू झाले पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे.

योजनेची पार्श्वभूमी

बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. त्यापुढील तीन-चार दशकांच्या आरोग्याची तरतूद हा म्हणूनच दीर्घ मुदतीचा प्रश्न ठरतो. पूर्वी माजी सैनिकांना लष्करी रुग्णालयांतील उपलब्ध क्षमतेवर अवलंबून राहावे लागे. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, सुरू झाली. तिची रचना १९५४ पासूनच्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या धर्तीवर आहे. प्राथमिक उपचार व औषधे पॉलिक्लिनिकमध्ये मिळतात. पुढील उपचारांसाठी रुग्णास लष्करी अथवा नामिकेतील खासगी रुग्णालयाकडे पाठविले जाते. २००३ मध्ये २२७ पॉलिक्लिनिकना मान्यता मिळाली, तर २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. नेपाळमध्येही काठमांडू, पोखरा व धरान येथे ही सोय करण्यात आली.

अंशदान एकदाच भरावयाचे असून संरक्षण आजीवन मिळते. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना व युद्धविधवांना ते माफ आहे. येथे अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा मुद्दा येतो. विमा ऐच्छिक असल्यास आजारी व्यक्तीच अधिक संख्येने सहभागी होतात. यालाच ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त होणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांना सदस्यत्व अनिवार्य केल्याने हा दोष टळला. आधी निवृत्त झालेल्यांसाठी मात्र ते ऐच्छिक होते.

खर्च आणि फलनिष्पत्ती

वैद्यक क्षेत्रातील अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी संरचना, प्रक्रिया आणि फलनिष्पत्ती अशी त्रिसूत्री मांडली. आपल्याकडील अहवाल बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. पॉलिक्लिनिक किती, कार्डे किती, देयके किती, ही माहिती मिळते; परंतु रुग्णाचा रक्तदाब आटोक्यात आला काय, मधुमेहाने पाय गमावण्याची वेळ टळली काय, याची नोंद क्वचितच आढळते.

तथापि, प्रक्रियेतील त्रुटींचा परिणाम थेट रुग्णावर होतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१५ च्या आपल्या अहवालात औषधांचा तुटवडा आणि देयकांच्या निपटाऱ्यातील विलंब यांकडे लक्ष वेधले होते. देयक रखडले की रुग्णालय रोकडरहित उपचारांस नाखूष होते. मग रुग्ण स्वतःच्या खिशातून पैसे भरतो आणि प्रतिपूर्तीची वाट पाहतो. सरकारी हिशेबात हा केवळ विलंब असतो. कुटुंबासाठी ते कर्ज ठरू शकते.

जे आलेच नाहीत त्यांचे काय?

येथे एक वैयक्तिक अनुभव सांगतो. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पश्चात आई सातारा जिल्ह्यातील खेड्यात राहत असे. तिच्याकडे योजनेचे कार्ड होते. मात्र औषधे आणण्यासाठी दोन एसटी गाड्या बदलाव्या लागत, सोबत कोणी तरी लागे आणि त्याचा दिवसाचा रोज बुडे. एकदा खेप वाया गेल्यावर तिने जाणेच सोडले आणि गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागली. आम्हा मुलांना हे फार उशिरा कळले. नोंदीत ती शून्य खर्चाची लाभार्थी होती. केवळ आकडे पाहणाऱ्या अर्थतज्ज्ञाने तिला निरोगी मानले असते, आणि तो अर्थतज्ज्ञ मीही असू शकलो असतो.

वाराणसी हे पूर्वांचल व पश्चिम बिहारमधील रुग्णांचे मोठे उपचारकेंद्र आहे. येथे आलेल्यांची नोंद होते. गावातून निघूच न शकलेली विधवा मात्र कोणत्याही नोंदवहीत नसते.

निकषांविषयी सावधानता

यावर प्रतीक्षाकाळाचे उद्दिष्ट ठरवून द्यावे, असे कोणी सुचवील. उपाय योग्य आहे, पण पुरेसा नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांना चौदा दिवसांत भेटीची वेळ देण्याचे उद्दिष्ट दिले होते. २०१४ मध्ये फिनिक्स येथील प्रकरणात असे उघड झाले की, उद्दिष्ट गाठल्याचे दाखविण्यासाठी खऱ्या प्रतीक्षायाद्या दडविल्या गेल्या होत्या. त्या प्रकरणी संबंधित खात्याच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. संस्थेने स्वतःच मोजावे आणि त्यावरच तिचे श्रेय ठरावे, या पद्धतीचा हा धोका आहे. म्हणून पडताळणी स्वतंत्र यंत्रणेकडून, लाभार्थ्यांच्या घरी जाऊन झाली पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडील माहितीचा त्यासाठी उपयोग होऊ शकेल.

समारोप

मित्रहो, परीक्षेत एखाद्या योजनेचे मूल्यमापन विचारले गेल्यास तरतुदींची यादी देऊन थांबू नका. चार प्रश्न विचारा : पात्र किती आणि पोहोचले किती? पोहोचण्यासाठी त्यांना काय खर्चावे लागले? उपचार वेळेवर मिळाले काय? आणि त्यांचे आरोग्य सुधारले काय? आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. तेव्हा आपल्या टेबलावर शून्य खर्चाचे एखादे कार्ड आले, तर बचत झाली असे समजून फाईल बंद करू नका. त्या पत्त्यावर कोणाला तरी पाठवा.