प्रांताचा कौल

परदेशात कायमचं स्थायिक होण्याच्या अनेक वाटांपैकी एका वाटेबद्दल आज बोलायचं आहे. एखादा प्रांत आपल्या गरजेप्रमाणे कामगार किंवा उद्योजक निवडतो, केंद्र सरकारकडे त्याच्या नावाची शिफारस करतो, आणि त्या शिफारशीच्या बळावर त्या माणसाला कायमच्या वास्तव्याचा हक्क मागता येतो. कॅनडात या योजनेला ‘प्रोव्हिन्शियल नॉमिनी प्रोग्राम’ म्हणतात. क्वेबेक आणि नुनावुत सोडले, तर तिथले सगळे प्रांत आणि प्रदेश ती चालवतात. आपल्याकडे बरेच जण तिच्याकडे कॅनडात शिरायची सोपी खिडकी म्हणून पाहतात. मला हे पाहणंच चुकीचं वाटतं. शिफारस करणारा प्रांत आपल्या गरजेसाठी आणि वस्तीसाठी माणूस शोधत असतो. तिथं राहायचं, असं मनाशी ठरवून जाणाऱ्यालाच ही वाट लाभते, आणि माणूस तिथं टिकतो तो कागदावरच्या अटीमुळे नव्हे, तर त्या गावानं त्याला काय दिलं यामुळे.

गगनबावड्याच्या श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटू नये. गगनबावडा, म्हणजे जुना बावडा, ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात सिद्ध झालेलं ‘आज्ञापत्र’ त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. राज्यात माणसं कशी आणावीत आणि कशी राखावीत, यावर त्यात स्वतंत्र विचार आहे. परमुलखातले सावकार आणून वसवावेत, पेठा भरवाव्यात, त्यांचा मान राखावा, त्यांना काही कमी पडत असेल तर ते जाणून घ्यावं, असं अमात्य सांगतात. त्याच ग्रंथात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, मात्र सावधगिरी आहे. त्यांच्या व्यापारामागे सत्ता उभी असते, म्हणून त्यांना समुद्रकाठची जागा देऊ नये. कोणाला बोलवायचं, कुठं वसवायचं आणि कोणाला किती जवळ करायचं, हे राज्यानं आपलं हित पाहून ठरवावं, असा हा विचार आहे. आजचं प्रांतांचं धोरण याच हिशेबावर चालतं. मराठी मुलखात ओसाड गाव वसवताना रयतेला कौल, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन, दिला जाई. इस्ताव्याच्या पद्धतीत पहिल्या वर्षी सारा नाममात्र असे आणि तो वर्षागणिक चढत जाऊन पूर्ण दराला पोचे. नवा आलेला उपरी म्हणून राबे, आणि पुढे मिरासदारीचा, म्हणजे जमिनीवरचा वंशपरंपरागत, हक्क मिळवणंही शक्य असे. आलेल्याला आधी हात द्यायचा, त्याचं बस्तान बसू द्यायचं आणि मग पूर्ण हक्कासोबत पूर्ण जबाबदारी टाकायची, असा तो क्रम होता.

कॅनडात हा अधिकार प्रांतांकडे कसा आला, तेही पाहण्यासारखं आहे. १८६७च्या राज्यघटनेनं स्थलांतराचा विषय केंद्र आणि प्रांत दोघांच्या कक्षेत ठेवला. तरीही नव्यानं येणारी बहुतेक माणसं टोरंटो, मॉन्ट्रिऑल आणि व्हॅंकुव्हर या तीन महानगरांकडेच जात राहिली. मधल्या गवताळ प्रदेशातल्या मॅनिटोबाला शिवणकामाला, वेल्डिंगला, शेतीला माणसं मिळेनात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राशी करार करून मॅनिटोबानं आपली निवड आपण सुरू केली. त्याआधी वर्षाला तीन-चार हजार नवे लोक येत. २०११ साली ही संख्या १५ हजारांच्या वर गेली. यात विंकलर या छोट्या गावाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८७०च्या दशकात रशियातून आलेल्या जर्मनभाषक मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांना त्या भागात राखीव जमीन देऊन वसवलं होतं. सव्वाशे वर्षांनी प्रांताच्या नव्या योजनेतून पुन्हा जर्मन बोलणारी कुटुंबं तिथं आली. कानावर पडणारी भाषा ओळखीची, प्रार्थनेची पद्धत ओळखीची आणि कारखान्यात काम हजर. अशा ठिकाणी माणसाला अडवून ठेवायला वेगळ्या अटीची गरज उरत नाही. शेजारचं मॉर्डन गाव तर आपल्या योजनेतल्या अर्जदाराला आधी गाव पाहून जायला बोलावतं.

याच्या उलटचं उदाहरण प्रिन्स एडवर्ड आयलंड या चिमुकल्या बेटावरच्या प्रांताचं आहे. तिथल्या उद्योजक योजनेत कायम वास्तव्याचा हक्क आधी मिळे. त्या बदल्यात प्रांताकडे मोठी अनामत ठेवायची, बेटावर धंदा चालवून दाखवायचा आणि मग ती परत घ्यायची. पुष्कळांनी अनामतीवर पाणी सोडलं आणि ते मोठ्या शहरांकडे निघून गेले. २०१८मध्ये प्रांतानं ही पद्धत बंद केली. आता बहुतेक प्रांतांत उद्योजकाला आधी तात्पुरता कामाचा परवाना मिळतो. ठरलेली गुंतवणूक करून, करारात लिहिल्याप्रमाणे तो धंदा उभा करतो आणि नंतरच त्याची शिफारस होते. पैशानं माणूस बांधला जात नाही, हा धडा घेऊन प्रांत पुन्हा इस्ताव्याच्या क्रमावर आले आहेत.

आपल्या आसपासचा इतिहासही हेच सांगतो. राजर्षी शाहूंनी १८९५मध्ये शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ दिली, आणि कोल्हापूरच्या गुळाचं नाव त्या पेठेतून दूरवर गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ दिला, भांडवलाला कर्ज दिलं, आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका लहान संस्थानानं दुसऱ्या मुलखातला उद्योजक निवडला आणि तो कारखानदार तिथंच रुजला. रेल्वे दाराशी होती, जमीन पक्की होती आणि राजा पाठीशी होता.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा घेतला जाईल. कॅनडाच्या १९८२च्या हक्कांच्या सनदेनुसार कायम रहिवाशाला कुठल्याही प्रांतात जाऊन राहण्याची, काम करण्याची मोकळीक आहे. मग लहान प्रांतातून हक्क मिळवून टोरंटो का गाठू नये? हक्क मिळाल्यावर परिस्थिती बदलली म्हणून गाव बदलणं वेगळं. पण अर्ज करताना त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असावा लागतो. तो नसताना आहे म्हणून सांगणं ही खोटी माहिती ठरू शकते, आणि तसं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी येते. ऑस्ट्रेलियानं तर ही फट कायद्यानंच बुजवली. तिथला ४९१ क्रमांकाचा व्हिसा आधी पाच वर्षांपुरताच असतो. ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहून काम करावं लागतं, आणि तीन वर्षं झाल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मला मोठं नुकसान दिसतं ते प्रांत सोडून जाणाऱ्याचंच. प्रांतानं निवडलं ते तिथल्या कारखान्याला, इस्पितळाला त्याची गरज आहे म्हणून. ती गरज सोडून महानगरात गेलं की तो हजारो उमेदवारांतला एक होतो, भाडं जास्त, काम हलकं, आणि शिक्षणाला कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. २०११च्या जनगणनेत इथं जेमतेम पस्तीस हजार लोक होते. पाऊस अफाट, शेती डोंगरउताराची. भुईबावडा आणि करूळ घाट उतरून कोकणात जावं किंवा कोल्हापूर, मुंबई गाठावी, हे इथल्या तरुणांना नवं नाही. मग आणखी दूरच्या वाटा दाखवून तालुका रिकामा करायचा का? पण परदेशाची वाट बंद केल्यानं तरुण गावात राहत नाही, तो मुंबईला जातो आणि तिथं अनेकदा कंत्राटी कामावरच आयुष्य काढतो. जायचं की राहायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र जे प्रांत माणसं टिकवू शकले, त्यांनी काम, घर, शाळा आणि सोबत या चार गोष्टी एकत्र दिल्या. वेसरफ-पळसंबे परिसरात साखर कारखाना आल्यावर उसाला आणि हातांना जवळ काम मिळालं. तालुक्याला माणसं राखायची असतील, तर कामाच्या जोडीला उरलेल्या तिन्ही गोष्टीही उभ्या कराव्या लागतील, आणि हे जाणाऱ्यांना दोष देऊन होणार नाही.

तिसरी शंका भरवशाची, आणि ती रास्त आहे. ही योजना सरकारच्या मर्जीनं आकसते. २०२५ सालासाठी कॅनडानं या योजनेचं लक्ष्य ५५ हजारांवर आणलं, म्हणजे आधी ठरवलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली. केंद्राच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या गुणांवर चालणाऱ्या निवडयादीत प्रांताच्या शिफारशीला ६०० गुण मिळतात हे खरं. पण शिफारस म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क नव्हे. प्रकृती, चारित्र्य आणि कागदपत्रं तपासून शेवटचा निर्णय केंद्रच घेतं. म्हणून घर-जमीन विकून, कर्ज काढून या एकाच वाटेवर सगळं लावू नये. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या वेल्डरनं, मशिनिस्टनं, किंवा परिचारिकेनं आधी आपलं काम त्या प्रांताच्या यादीत आहे का, तिथं त्या कामाला वेगळा परवाना लागतो का, इंग्रजीच्या परीक्षेत किती गुण हवेत, हे प्रांताच्या सरकारी संकेतस्थळावरून तपासावं. नोकरीचं पत्र विकत मिळेल म्हणणाऱ्या दलालाच्या दारातही उभं राहू नये, कारण नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं तिथं बेकायदा आहे. पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज भरून देणारा सल्लागार तिकडच्या परवानाधारकांच्या यादीत असला पाहिजे. इथून परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असली पाहिजे, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. हे सगळं जुळलं, की त्या गावाचा हिवाळा, घरभाडं, मुलांची शाळा, जोडीदाराला मिळू शकणारं काम आणि जवळपास आपली माणसं आहेत का, याची चौकशी करावी, आणि अर्जाचं शुल्क त्यानंतर भरावं.